साडेपाच ते साडेसहा

काकांची आणि माझी ओळख गैरसमजातून झाली.

देशपांडे नगरात आम्ही नव्यानं राहायला आलो होतो. पंखे लावायला शिडी हवी होती, म्हणून समोरच्या घराच्या फाटकाशी गेलो. पडवीत एक गृहस्थ उकिडवे बसले होते. लुंगी, बनियन, चष्मा कपाळावर. हातात बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात पिवळट पाणी. ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून ते बघत होते. घरच्या घरी तपासणी करणारे मधुमेही मी पाहिलेत, त्यामुळे जरा लांबच थांबलो.

"काका, कामात दिसता. मग केव्हा येऊ?"

नळीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "साडेपाच ते साडेसहा. सातच्या वर तर मुळीच नको."

इतकी नेमकी वेळ देणारा माणूस मला हुबळीत पहिल्यांदाच भेटत होता. इथे 'संजीक बर्री' म्हणजे दिवेलागणीपासून जेवणाची पानं घेईपर्यंत कधीही. मी संध्याकाळी पावणेसहाच्या ठोक्याला हजर झालो.

"बर्री, कूडरी," काकांनी स्वागत केलं. "काय काम काढलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, साडेपाच ते साडेसहा? आत्ता पावणेसहा."

"पावणेसहा?" काकांचे डोळे चमकले. "तुमच्याकडे? कुठलं पाणी वापरता हो?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना शिडी हवी असेल."

शिडी मिळाली, पण पाऊण तासानं. तोवर मला कळलं होतं की साडेपाच ते साडेसहा ही वेळ नसून पाण्याचा पीएच आहे, आणि तो माणसांसाठी नसून माशांसाठी आहे. पीएचची पट्टी शून्य ते चौदा. मध्यावर सात, त्याच्या खाली आंबट पाणी, वर अल्कली. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक साडेसहा ते साडेआठ मागतं. काकांच्या माशांना हवं साडेपाच ते साडेसहा. म्हणजे माणसाची हद्द जिथे संपते तिथे यांची सुरू होते. काका हे अशा थाटात सांगतात, जणू सरकारनं बसून वाटणी करून दिली आहे.

काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. उभं आयुष्य दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतर हातात न तपासलेलं काही राहिलं की त्यांना चैन पडेना. आधी त्यांनी वाण्याची बिलं तपासली, मग वीजबिल, मग काकूंच्या भिशीचा हिशेब. तिथे काकूंनी त्यांना भाच्याबरोबर बेंगळूरला पाठवून दिलं. परत येताना रात्रीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर प्राणवायू भरलेली एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात दोन मासे. "भिशी परवडली असती," असं काकू आजही म्हणतात.

आता दिवाणखान्यात सात टाक्या आहेत. सोफा पुतण्याकडे गेला, टीव्ही आतल्या खोलीत. पाहुण्यांसाठी एक लाकडी बाक आहे. तो कुठून आला हे मी विचारलेलं नाही. टाक्यांना डब्यांचे क्रमांक आहेत: ए-१, बी-१, बी-२, आणि एस-१ ते एस-४. ए-१ मध्ये फक्त जमलेली जोडी. ज्यांचं जमेल अशी आशा आहे ते बी मध्ये. बाकीचे स्लीपरला. प्रत्येक टाकीची रोज सकाळी नोंद होते, लाल कापडी बांधणीच्या जाड रजिस्टरात. तारीख, तपमान, पीएच, कठीणता, टीडीएस आणि शेवटी 'शेरा'. वाचनीय तो शेराच. 'मादी उदास.' 'नर विनाकारण फिरतो आहे.' 'पाहुणे आले. काचेवर टकटक केली. समज दिली.'

हे सगळे मासे सिक्लिड घराण्यातले, पण बुटक्या शाखेतले. बोटभर लांबी. मूळ गाव ॲमेझॉन नाही तर ओरिनोको नदीचं खोरं. तिथल्या जंगलात पाचोळा कुजून पाणी चहासारखं तांबूस होतं. पावसाचं, क्षार नसलेलं, आंबटसर पाणी. या माशांना इतर पाण्यात ठेवलं तर मरत नाहीत. खातात, पितात, फिरतात. संसार मात्र करत नाहीत. "हाच तर मुद्दा आहे," काका म्हणतात. "जगणं कुठल्याही पाण्यात जमतं रे. घर मांडायला पाणी लागावं लागतं." डासांच्या बंदोबस्तासाठी हौदात सोडतात त्या गप्पी माशांचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही. "कुठेही पोरं घालतात. ज्याला कुठलंही पाणी चालतं त्याला चव कसली?"

आणि पाणी हाच हुबळीचा नाजूक विषय. नळाला पाणी येतं तो दिवस घरोघरी सणासारखा असतो. लोक लग्नाची बोलणी पुढे ढकलतात, पण पाणी भरतात. त्या दिवशी काका पहाटे नळाशी उभे राहून ओंजळीतलं पाणी हुंगतात. "आज सौंदत्तीचं दिसतंय," किंवा "नीरसागरचं." सौंदत्ती म्हटलं की काकू आतून हात जोडतात. धरणाचं नाव रेणुकासागर, म्हणजे यल्लम्माचंच पाणी, आणि त्यात क्लोरीन असो वा नसो, ते देवीचं. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिथे ती मराठी ऐकत वाहते आणि सौंदत्तीला पोचेपर्यंत कन्नड होते. इथल्या आमच्यासारख्या अनेक घरांचा इतिहास याहून वेगळा नाही.

नळाचं पाणी नसेल त्या दिवशी बोअर. बोअरच्या पाण्यात काकांनी टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, मीटर बुडवला तेव्हा चार आकडी होता होता राहिलेला आकडा आला, आणि काका खुर्चीत बसले. काकूंना मीटर लागला नव्हता. लग्न होऊन या घरात आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं की हे पाणी जड आहे, तूरडाळ सात शिट्ट्यांतही गोटा राहते. काकू सगळं पाणी डाळीवर मोजतात. सात शिट्ट्या म्हणजे बोअर, पाच म्हणजे नळ, तीन म्हणजे माहेर. मीटर आला तेव्हा काकांनी आठवडाभर ताळा घेतला. शिट्ट्या आणि आकडे एकदाही चुकले नाहीत. रजिस्टरात ही गोष्ट नोंदलेली नाही.

काकांची शिकवण्याची हौस दांडगी, आणि समोर मी एकटा. एका संध्याकाळी ते पीएचच्या जन्माची गोष्ट सांगत होते. "१९०९ साल. सोरेन्सन नावाचा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ. कोपनहेगनची कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा."

"कार्ल्सबर्ग म्हणजे बिअरवाले ना?" मी सहज बोलून गेलो.

स्वयंपाकघरातला खलबत्त्याचा आवाज थांबला. हे घर माध्वांचं. चातुर्मासात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. "म्हणजे दारूच्या भट्टीतलं माप," काकू दारात येऊन म्हणाल्या, "आणि ठेवलंय माझ्या देवघराच्या फडताळात?" त्या रात्री पीएचच्या बाटल्या पडवीत गेल्या. अजून तिथेच आहेत.  

पीएच खाली आणणं म्हणजे लिंबू पिळणं, असं मला वाटायचं. काकूंनाही. "आमसूल टाका की दोन," त्यांनी सुचवलं होतं. काकांनी कपाळाला हात लावला. एक तर या पट्टीची एक पायरी म्हणजे दसपट. सातवरून साडेपाचला उतरायचं तर आम्लता तीसपटीहून जास्त वाढवायची. आणि दुसरं म्हणजे केएच. पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटांचं हे माप, पण काका त्याला 'पाण्याचा हट्ट' म्हणतात. केएच जास्त असेल तर तुम्ही आमसूल टाका, लिंबू पिळा, कार्बोनेटं ते आम्ल निमूट पचवतात आणि दुसऱ्या दिवशी पीएच होता तिथे. पचवता पचवता ती संपली की मात्र पुढच्या दोन थेंबांत पीएच दरीत कोसळतो आणि सकाळी मासे उताणे.

हे एकदा कळल्यावर काका माणसांनाही केएच लावू लागले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा केएच फार, कितीही बोला, तोंडावरची रेषा हलत नाही. धाकट्या मेव्हण्याचा शून्य, कुणी 'जरा जाडा झालास' म्हटलं की तोंड आंबट. मला त्यांनी मध्यम दिला. "आणि काकूंचा?" मी हळूच विचारलं. काकांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "अरे, चाळीस वर्षं ओततोय. हललेला नाही. पण मला भीती कसली आहे सांगू? तो संपला कधी, तर कळणार कसं?"

ते त्यांना पुढे कळलं.

त्याआधी पानांबद्दल सांगायला हवं. पाण्याला तो चहाचा रंग आणि आंबटपणा द्यायला देशी बदामाची वाळकी पानं लागतात. अर्धी पिकलेली चालत नाहीत; झाडावरून आपणहून गळलेली, तांबूस तपकिरी, कुरकुरीत. त्यांतला टॅनिन पाण्यात उतरतो, बुरशीला आळा बसतो. काका रोज पहाटे पिशवी घेऊन निघतात. जिमखान्याच्या बाजूनं, सवाई गंधर्वांच्या नावाच्या सभागृहावरून, गल्ल्यागल्ल्यांतून वाकून वाकून एकेक पान उचलतात, उलटसुलट बघतात, वास घेतात. एका उत्साही तरुणानं त्यांचा फोटो काढून 'सत्तरीतही स्वच्छतेचा ध्यास' असं लिहून गावभर फिरवला. सत्काराचं बोलावणंही आलं. काकांनी कळवलं की आपण फक्त बदामाची पानं उचलतो, बाकीचा कचरा आहे तिथेच ठेवतो. झाडलोट करणाऱ्या पौरकार्मिक बायकांना मात्र पहिल्यापासून सगळं ठाऊक. त्या बदामाची पानं वेगळ्या गोणीत ठेवतात आणि काका दिसले की हाक मारतात, "अज्जारे, निम्म एली!" आजोबा, तुमची पानं!

पानं उकळून काढलेला अर्क काका फ्रिजमध्ये काचेच्या बाटलीत ठेवायचे. दिवाळीत जावई आले, ते कषाय समजून पेलाभर प्यायले, आणि वर "जरा गूळ कमी पडला" असंही म्हणाले. काही झालं नाही. काकांनी त्यानंतर दोन दिवस जावयांचा शेरा लिहिला.

टाकीतलं पाणी असं काळसर तांबूस झालं की येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "काका, पाणी बदला की." एका वकील मित्रानं विचारलं, "यांना काळ्या पाण्याची शिक्षा कशाबद्दल?" काका अशा लोकांना उत्तर देत नाहीत. ते पाणी जुळवत बसतात. एका बादलीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं दोन दिवस मुरवलेलं, मधे अर्काची बाटली. थोडं हे, थोडं ते, ढवळायचं, नळीत घ्यायचं, तीन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायचं. मान हलवायची. पुन्हा. मला हे बघताना नेहमी तंबोरा जुळवणाऱ्यांची आठवण होते. याच देशपांडे नगरात गंगूबाई हनगलांचं घर आहे, 'गंगालहरी'. ज्या वस्तीनं खर्जाची तार लागेपर्यंत कान देऊन थांबायचं असतं हे शिकून घेतलं, तिथे कुणाचं पाणी लागायला तास गेला तर तक्रार कसली करायची?

काकांचा पहिला डाव फसला. ते मासे रमीरेझी, निळे सोनेरी, दिसायला राजबिंडे. काकू त्यांना 'रामराय' म्हणत. सहा महिने पाण्याशी झटापट झाल्यावर एका पहाटे काका फाटकापर्यंत धावत आले आणि समोरच्या आमच्या खिडकीकडे बघत ओरडले, "अंडी! आमच्याकडे अंडी!"

दिवस एकादशीचा. शेजारच्या मठातून परत येणाऱ्या दोन सोवळ्या आजी फाटकासमोर होत्या. काकूंनी पदर तोंडावर घेतला. पुढे महिनाभर त्यांना हळदीकुंकवाला गेल्या तिथे खुलासा करावा लागला. आणि अंडी तरी टिकावीत? दुसऱ्या दिवशी आईबापांनीच खाऊन टाकली. काकांचं निदान असं, की पाण्यात अजून कॅल्शियम जास्त होतं. जड पाण्यात अंड्याचं आवरण घट्ट होतं, आतबाहेरची देवघेव बिघडते, अंडी पांढरी पडतात, आणि पांढरं पडलेलं अंडं मासे ठेवत नाहीत. काकूंचं निदान वेगळं होतं. "एकादशीला घातलेली, द्वादशीला पारणं केलं."

याच सुमाराला मडगावहून काकूंच्या मावसबहिणीचे यजमान आले. सारस्वत माणूस, माशांचा शौक मोठा. ते ए-१ समोर बराच वेळ उभे राहिले. काकांना हुरूप आला. त्यांनी सांगितलं की सिक्लिडांच्या घराण्यात शेकडो जाती, पण भारताच्या वाट्याला अस्सल देशी तीनच. त्यांतली एक फक्त आपल्या कर्नाटकातल्या नद्यांत. दुसरी तुमच्याकडे गोव्यात...

"कालुंदर!" पाहुणे आनंदानं म्हणाले. "म्हणजे हे कालुंदराचे भाऊबंद. पण यात खाण्यासारखं काय हो? नुसते काटे." मग त्यांनी काचेवर बोटानं टकटक केली. त्या दिवशीचा शेरा रजिस्टरात दीड पान आहे.

दुसरा डाव अगासिझींचा. लुई अगासिझ या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून माशाला हे नाव पडलं. नराची शेपटी भाल्यासारखी निमुळती, मादी निम्म्या आकाराची, साधी. पण पिल्लं सांभाळायला लागली की हळदीसारखी पिवळीधमक होते आणि नवऱ्याला जवळ फिरकू देत नाही. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा टाकीत नीट लक्ष घातलं. नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी ते सोपं केलं: आगाशे. "आगाशांनी आज खाल्लं का?" "आगाशीणबाई करवंटीतून बाहेर येत नाहीत, बरं नाही का?" करवंटी त्यांचीच. हे मासे कपारीच्या छताला अंडी चिकटवतात. काकूंनी नारळ वाढवून, आतला काथ्या घासून, कडेला भोक पाडून करवंटी पालथी घालून दिली होती.

आता पाणी. काका या वेळी पावसाची वाट बघत बसले. स्वच्छ हवेत पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड मुरतो आणि त्याचा पीएच साडेपाचच्या जरा वर येतो. क्षार जवळजवळ नाहीत, हट्ट शून्य. "म्हणजे वरूनच साडेपाच ते साडेसहाचं पाणी पडतं आणि आपण ते गटारात सोडतो," काका म्हणाले. मृगाचा पाऊस त्यांनी सोडून दिला; त्यात कौलांवरची वर्षभराची धूळ. आर्द्रा लागल्या आणि एका दुपारी आभाळ फुटलं. काकू देवळात गेल्या होत्या.

त्या परतल्या तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हंडे, घागरी, पातेली, परात, दोन्ही कुकर, पुरणयंत्राचं भांडं, लोणच्याची बरणी (रिकामी केलेली, लोणचं वर्तमानपत्रावर), आणि मधोमध देवांच्या संपुष्टाखालचं चांदीचं ताम्हन. ओलेचिंब काका एकेका भांड्यात मीटर बुडवत होते. "सहा!" त्यांनी आनंदानं सांगितलं. "टीडीएस सहा!"

काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. दोन तास आतून आवाज नाही. मी तेव्हा आमच्या गॅलरीत होतो, आणि काकांनी माझ्याकडे टाकलेली नजर मला अजून आठवते. केएच संपत आल्याची ती नजर होती. मग काकू बाहेर आल्या आणि चाळीस वर्षांचं आम्ल एकदम उतरलं. त्यात भिशीचा हिशेब होता, सोफा होता, एकादशीची अंडी होती, कार्ल्सबर्ग होतं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. शेवटी त्यांनी एक कुकर उचलला, त्यात साचलेलं पावसाचं पाणी ओतून न देता तसाच घेऊन आत गेल्या आणि त्यातच डाळ लावली, बहुधा रागाच्या भरात.

तीन शिट्ट्या झाल्या. थोडा वेळ गेला. काकू पळी घेऊन दारात आल्या. आवाज पार उतरला होता. "अहो," त्या म्हणाल्या, "लोण्यासारखी शिजली."

तेव्हापासून पावसाच्या पाण्याची निम्मी निम्मी वाटणी आहे. पिंपांवर खडूनं लिहिलेलं असतं: 'आगाशे' आणि 'सार'. ऑगस्टात सार पिंप आधी संपलं आणि आगाशे पिंपाची पातळी रोज दोन बोटं उतरू लागली. काकांनी रजिस्टरात 'बाष्पीभवन' असं लिहिलं.

आगाशीणबाईंनी श्रावणात करवंटी धरली. पिवळ्याधमक. काकांनी पीएच साडेपाचवर आणला, आणि थोडा जास्तच हात पडून पाचवर. अंड्यांना ऊब हवी म्हणून हीटर तीस अंशांवर. तीन दिवसांनी अंडी फुटली, आठवड्यानं पिल्लं आईमागून धुळीच्या ढगासारखी तरंगू लागली. त्यांना खायला मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या जीवांची, अंडी चोवीस तास फसफसवून, गाळून, पिचकारीनं दिवसातून चार वेळा. काका रात्री दोनला उठायचे. काकू पहाटे पाचला, "उठलेच आहे तर," म्हणून. त्रेचाळीस पिल्लं जगली. काकांनी ती तीन वेळा मोजली. हिशेब खात्यात तीनदा मोजण्याची पद्धत आहे.

लहानपणी यांच्यातला नर कोण, मादी कोण, हे कळत नाही. तीन-चार महिने वाट बघावी लागते. डिसेंबरात शेपट्या निमुळत्या व्हायला लागल्या. एकाची, पाचांची, वीसांची. एक्केचाळीस नर. उरलेल्या दोन माद्या, असं समाधान काकांनी मानलं, पण त्या दोघी म्हणजे दादागिरीला घाबरून अंग चोरून राहिलेले नर निघाले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुलगे.

काकांनी वाचून काढलं तेव्हा कारण सापडलं. रोमर आणि बायझेनहेर्त्स या दोन जर्मन अभ्यासकांनी १९९६ साली 'जर्नल ऑफ फिश बायॉलॉजी'त दाखवून दिलं होतं की या माशांच्या तिसाहून अधिक जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्यावर ठरतं. ऊन पाण्यात नर जास्त, थंड पाण्यात माद्या. काही जातींत पीएचचाही हात असतो. पाणी फार आंबट झालं की नर. काकांनी तीस अंश दिले होते आणि पाच पीएच. आपल्या हातानं.

"मग पुढच्या वेळी हीटर कमी ठेवायचा," मी म्हटलं.

काका गप्प. सरकारी नोकरीतला माणूस. दवाखान्यातली ती पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, लिंगनिदान गुन्हा असल्याची. त्यांनी वकील मित्राला विचारून घेतलं. १९९४ चा कायदा माणसांपुरता आहे असं त्यानं सांगितलं, तरी लेखी द्यायला तयार झाला नाही.

नर विकत घ्यायला गिऱ्हाइकं आली, पण काका आधी त्यांच्या घरच्या पाण्याची चौकशी करत आणि मग नकार देत. एस-१ ते एस-४ भरले. त्रेचाळीस उपवर मुलगे दिवसभर एकमेकांसमोर कल्ले फुगवून उभे. काकू म्हणायच्या, "आपल्याकडेही हेच चाललंय. मुलगे बेंगळूरला, पुण्याला, पगार बघाल तर एवढाले, आणि मुली कुठेत?" मुली शोधायला सुरुवात झाली. फोन बेंगळूरला गेले, चेन्नईला गेले. आणि मुली सापडल्या वीस किलोमीटरवर, धारवाडात.

सप्तापुरात राहणारे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे अगासिझींच्या माद्याच माद्या झालेल्या, नर औषधाला नाही. कारण सोपं होतं. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर, हवा थंड, आणि प्राध्यापक वीजबिल वाढतं म्हणून हीटर लावत नाहीत.

रविवारी ते आले. एका हातात धारवाडी पेढ्यांचा खोका, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्राणवायूची पिशवी. पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. बाकावर बसले, दिवाणखाना बघितला. काकूंनी तांब्याभांडं पुढे केलं. प्राध्यापकांनी खिशातून मीटर काढला आणि भांड्यात बुडवला.

मी काकांकडे बघितलं. एरवी हे काम त्यांचं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"पिण्याचं आहे हो ते, टाकीचं वेगळं," काका घाईघाईनं म्हणाले. "टाकीत साडेपाच ते..."

"घरचं पाणी कसं आहे ते आधी बघतो मी," प्राध्यापक म्हणाले. "मुली द्यायच्या आहेत."

काकू दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला. "आणि तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "तूरडाळ किती शिट्ट्यांत शिजते?"

प्राध्यापकांनी मीटर पुसून खिशात ठेवला. उत्तराला क्षणही लागला नाही.

"तीन."

काकूंनी काकांकडे बघितलं. "घ्या मुली," त्या म्हणाल्या, आणि पेढ्यांचा खोका देवासमोर ठेवायला आत गेल्या.